घड्याळ चुकीचं आहे की लहरी? अचूकता आणि स्थिरता यांतला फरक

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. मुद्दाम. सेल बदलला की आई ते पुन्हा पाच मिनिटं पुढेच लावते, बस चुकू नये म्हणून. बाहेरच्या खोलीत आजोबांचं चावीचं घड्याळ आहे. ते उन्हाळ्यात एक चाल धरतं, पावसाळ्यात दुसरी. कधी दोन मिनिटं मागे, कधी एक पुढे, आणि अधूनमधून मोबाइलशी तंतोतंत जुळतंसुद्धा. बस पकडायची असली की घरातला प्रत्येक जण स्वयंपाकघरात डोकावतो, पाच वजा करतो आणि निघतो. आजोबांच्या घड्याळाकडे फक्त पाहुणे बघतात.

खरी वेळ आणि घड्याळ दाखवतं ती वेळ यांत किती अंतर आहे, हा अचूकतेचा प्रश्न. ते अंतर आज आहे तेवढंच उद्या राहील का, हा स्थिरतेचा. स्वयंपाकघरातलं घड्याळ अचूक नाही, पण स्थिर आहे. आजोबांचं घड्याळ सरासरी काढली तर अचूक निघेलही, पण स्थिर अजिबात नाही.

क्रिस्टल ऑसिलेटर म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर ठरावीक गतीने ठोके देणारं सर्किट. त्याच्याकडे वळताना या उदाहरणात थोडी दुरुस्ती हवी. ऑसिलेटरच्या बाबतीत आपण वेळ मोजत नाही, वारंवारता मोजतो, म्हणजे घड्याळाची चाल. कायम पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाची चाल बिनचूकच असते. अचूक नसलेला पण स्थिर ऑसिलेटर म्हणजे रोज न चुकता दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ. अस्थिर ऑसिलेटर म्हणजे आज दोन सेकंद पुढे, उद्या एक मागे, परवा देव जाणे.

ही चूक पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाखांत किती. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून १ पीपीएमची चूक दिवसाला ०.०८६४ सेकंद होते. वर्षाला साधारण अर्धं मिनिट.

मनगटी घड्याळात असतो तो क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा. दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं करत गेलं की सेकंदाला एक ठोका उरतो. काही वर्षांपूर्वी मी याच क्रिस्टलवर एक घड्याळ बनवलं आणि ते दिवसाला सात-आठ सेकंद पुढे पळायला लागलं. क्रिस्टलच भिकार आहे असं ठरवून दोनदा बदलला. तिसराही तेवढाच पळाला, आणि तिथे डोक्यात प्रकाश पडायला हवा होता: तीन वेगवेगळे क्रिस्टल एकसारखे चुकत असतील तर दोष क्रिस्टलचा कसा? क्रिस्टल कापला होता १२.५ पिकोफॅरड भारासाठी (भार म्हणजे त्याला जोडलेली कपॅसिटन्स, विद्युतभार साठवायची क्षमता) आणि चिप त्याला देत होती फक्त ६. भार कमी मिळाला की क्रिस्टल वेगाने कंप पावतो. दोन छोटे कपॅसिटर जोडले आणि घड्याळ ताळ्यावर आलं. मी अस्थिरता समजून ज्याच्यावर चिडलो होतो ती साधी अचूकतेची चूक होती. ती कायम तेवढीच असते, म्हणून एकदा मोजून काढून टाकता येते.

अस्थिरतेवर असा इलाज चालत नाही. या ३२,७६८वाल्या क्रिस्टलचा तापमानाचा आलेख उलट्या वाटीसारखा असतो. २५ अंशांना माथा, आणि तिथून गरम करा किंवा गार करा, घड्याळ मागेच पडतं. घसरण साधारण ०.०३४ पीपीएम गुणिले अंशांतल्या फरकाचा वर्ग. नागपूरकडच्या शेतात, मे महिन्यात, पंपाच्या टायमरची पत्र्याची पेटी उन्हात ६० अंशांवर गेली असं धरा. फरक ३५, वर्ग १२२५, म्हणजे जवळजवळ ४२ पीपीएम. त्या तापमानाला टायमर दिवसाला साडेतीन सेकंद या गतीने मागे पडतो. तोच टायमर डिसेंबरच्या १० अंशांच्या रात्री ८ पीपीएमपेक्षा कमी चुकतो. आता कुणी हुशारी करून कपॅसिटर बदलून मे महिन्यातली चूक शून्यावर आणली, तर डिसेंबरमध्ये तो दिवसाला जवळजवळ तीन सेकंद पुढे पळेल.

म्हणून स्थिरता हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. टीसीएक्सओ नावाचा ऑसिलेटर तापमान मोजून त्या प्रमाणात स्वतःला सावरत राहतो. छंदिष्ट मंडळींच्या लाडक्या डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपमध्ये हेच असतं. ० ते ४० अंशांत तिची हमी ±२ पीपीएमची, म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी वर्षाला एक मिनिट. ओसीएक्सओ या दुसऱ्या प्रकारच्या ऑसिलेटरची तऱ्हा वेगळी. तो क्रिस्टलला छोट्या भट्टीत बसवतो आणि बाहेर काहीही असलं तरी आतलं तापमान ८० अंशांच्या आसपास एका ठिकाणी धरून ठेवतो. वीज खातो, तापायला वेळ घेतो, पण हलत नाही.

खरा घोळ डेटाशीटवर, म्हणजे भागासोबतच्या माहितीच्या कागदावर होतो. दोन पायांच्या साध्या क्रिस्टलच्या कागदावर तीन वेगळ्या ओळी असतात. टॉलरन्स, म्हणजे २५ अंशांना छापील आकड्यापासून किती लांब. हे अचूकतेचं खातं. स्टॅबिलिटी, म्हणजे तापमान बदललं की किती सरकणार. आणि एजिंग, म्हणजे वयानुसार वर्षाला किती. तिन्ही एकमेकींत मिळवायच्या असतात. ±२०, ±३० आणि वर्षाला ±३ असं लिहिलं असेल तर पहिल्या वर्षाचा वाईटात वाईट हिशोब ±५३. पण चार पायांचा तयार ऑसिलेटर घेतला तर त्याच्या कागदावर बहुधा एकच ओळ दिसते, ‘फ्रिक्वेन्सी स्टॅबिलिटी ±५० पीपीएम’, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यात टॉलरन्स, तापमान, व्होल्टेज, सगळं आलं. शब्द तोच, अर्थ दुसरा. पहिल्या कागदावरचा ३० आणि दुसऱ्यावरचा ५० बघून पहिला भाग सरस ठरवणारे इंजिनिअर मी पाहिलेत. एकदा तर मीच होतो.

‘स्टॅबिलिटी’ या शब्दाला आणखी एक शेपूट आहे: किती काळातली स्थिरता? सेकंदाच्या आतली थरथर म्हणजे जिटर आणि फेज नॉइज. तासादिवसांतलं सरकणं निराळं आणि वर्षांचं एजिंग त्याहून निराळं. काळ सांगितला नाही तर स्थिरतेच्या आकड्याला अर्थ नाही.

मोबाइल फोनने या दोन गुणांची वाटणी फार छान केली आहे. टॉवरची वारंवारता ±०.०५ पीपीएममध्ये असावी असा मोठ्या टॉवरांसाठीचा नियम आहे. ९०० मेगाहर्ट्झवर ही चूक फक्त ४५ हर्ट्झची. फोनमधल्या स्वस्त ऑसिलेटरला एकट्याने हे जमणं शक्य नाही. त्याच्याकडून अपेक्षाही वेगळी आहे: टॉवरकडून येणारा सिग्नल ऐक आणि त्याच्यापासून ०.१ पीपीएमच्या आत राहा. म्हणजे फोन अचूकता टॉवरकडून उसनी घेतो. स्थिरता मात्र उसनी मिळत नाही. दुरुस्ती आणि पुढची दुरुस्ती यांमधल्या वेळेत त्याने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं.

अचूक पण अस्थिर अशा घड्याळाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पायाखाली आहे. सेकंदाची व्याख्या पूर्वी पृथ्वीच्या फिरण्यावरून, दिवसाचा ८६,४००वा भाग अशी होती. त्यामुळे पृथ्वी व्याख्येनेच अचूक. ती चुकते असं म्हणायची सोयच नाही. १९३०च्या दशकात बर्लिनमध्ये शाइबे आणि आडेल्सबेर्गर या दोघांनी क्वार्ट्झची घड्याळं इतकी स्थिर केली की पृथ्वीच ऋतूंप्रमाणे कमीजास्त वेगाने फिरते आहे, हे त्यांत दिसू लागलं. पण व्याख्या पृथ्वीच्या बाजूने असेपर्यंत गारगोटीचा तो तुकडा तिच्याहून स्थिर ठरत होता, तिच्याहून अचूक ठरू शकत नव्हता. १९६७मध्ये व्याख्या सिझियमच्या अणूकडे गेली, ९,१९२,६३१,७७० कंपनांचा एक सेकंद, आणि तो पेच मिटला.

गंमत म्हणजे सिझियमच्या अणुघड्याळाच्या पेटीतसुद्धा क्वार्ट्झचा ऑसिलेटर असतोच. एका सेकंदापुरतं बघितलं तर उत्तम ओसीएक्सओ बाजारात मिळणाऱ्या सिझियमपेक्षा शांत असतो. दिवसामागून दिवस गेले की तो वाहवत जातो, सिझियम जात नाही. म्हणून क्वार्ट्झ चालतो आणि सिझियम त्याचा कान धरतो. टॉवरवर कान धरण्याचं काम बरेचदा जीपीएस करतं. क्षणाक्षणाचा जीपीएस ठोका काही नॅनोसेकंद इकडेतिकडे उडतो, पण दिवसभराची सरासरी पक्की असते. क्वार्ट्झचं नेमकं उलटं.

हे जोडकाम कळतं ते जीपीएसच्या अँटेनाची केबल तुटल्यावर. ३.५ गिगाहर्ट्झवरच्या ५जीमध्ये टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात, त्यामुळे शेजारच्या टॉवरांनी पाळी एकदम बदलावी लागते. प्रत्येकाने खऱ्या वेळेपासून १.५ मायक्रोसेकंदाच्या आत राहायचं. केबल तुटली की अचूकता आणून देणारं कुणी उरत नाही. असते ती शेवटची दुरुस्ती आणि ऑसिलेटरची स्थिरता. वारंवारता हजार कोटींत एक भाग एवढीच सरकली आणि तिथेच राहिली असं धरलं, तर १.५ मायक्रोसेकंद भरायला १५,००० सेकंद लागतात, चार तासांहून थोडे जास्त. टॉवर गडचिरोलीतल्या एखाद्या गावाबाहेर असेल आणि जुलैचा पाऊस लागला असेल, तर तेवढ्यात दुरुस्तीवाला पोहोचेलच असं नाही. तिथे दहापट स्थिर ऑसिलेटर बसवलेला असेल तर त्याला पावणेदोन दिवस मिळतात.