ज्वालामुखी

पृथ्वीच्या पोटातला वितळलेला खडक, वायू आणि राख ज्या नळीतून किंवा भेगेतून पृष्ठभागावर येतात ती वाट, आणि तिच्याभोवती साचलेली रास, या दोन्हींना ज्वालामुखी म्हणतात. शाळेच्या पुस्तकातला माथ्यावर धुराचा लोट मिरवणारा टोकदार डोंगर हा त्याचा फक्त एक प्रकार झाला. महाराष्ट्राची बहुतेक जमीन ज्या उद्रेकांनी घडवली, त्यांना असा डोंगर नव्हताच.

जमिनीखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र उसळतो आहे, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. कवचाखालचे प्रावरण जवळजवळ सगळे घन असते. ते प्रचंड तापलेले असते, पण वरच्या खडकांच्या दाबामुळे वितळत नाही. ते वितळायला काहीतरी निमित्त लागते. पहिले निमित्त दाब उतरण्याचे. पृथ्वीच्या टणक वरच्या थराचे अवाढव्य तुकडे म्हणजे भूपट्ट. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेव्हा खालचा खडक वर चढतो आणि त्यावरचा भार हलका झाला की वितळू लागतो. महासागरांच्या तळावरच्या पर्वतरांगा आणि आइसलँड असेच घडले. दुसरे निमित्त पाण्याचे. सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली जाताना आपल्या खनिजांत बांधलेले पाणी सोबत नेतो. खोलवर ते बाहेर पडते आणि वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. जपान, फिलिपीन्स, इंडोनेशिया, अँडीज, म्हणजे पॅसिफिकचे अग्निकंकण आणि त्याचे शेजारी, यांचे ज्वालामुखी या जातीचे. हवाई आणि हिंदी महासागरातले रियुनियन मात्र भूपट्टांच्या कडांपासून दूर, तप्तस्थळांवर आहेत. तिथे प्रावरणातून वर येणारा उष्ण खडक जागचा फारसा हलत नाही आणि त्यावरून भूपट्ट सरकत जातो, म्हणून बेटांची माळ तयार होते.

अशा रीतीने तयार झालेला शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर सरकतो. पुढे तो शांतपणे वाहणार की स्फोट करणार, हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: त्यातली सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, आणि त्यात विरघळलेले वायू. बेसॉल्टी शिलारसात सिलिका साधारण पन्नास टक्के असते आणि तो ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. रायोलाइटी शिलारसात ती सत्तरच्या घरात असते आणि तापमानही बरेच कमी असते. पहिला एकतारी पाकासारखा पळतो, दुसरा गोळीबंद पाकासारखा जागीच अडतो. वायूंत सर्वांत जास्त वाटा पाण्याच्या वाफेचा, मग कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइडचा. शिलारस वर येताना दाब घटतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. पातळ रसातून ते सहज निसटतात. घट्ट रसात अडकून फुगत राहतात आणि शेवटी सगळा रसच फोडून टाकतात. ज्वालामुखीची राख म्हणून जी ओळखली जाते ती जळून उरलेली राख नव्हे. ती या स्फोटात भुगा झालेली काच आणि खनिजे आहेत. म्हणूनच ती विमानाच्या इंजिनात गेली की वितळून चिकटते. २०१० साली आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्लच्या उद्रेकाने युरोपातली विमानसेवा कित्येक दिवस बंद ठेवली, त्याचे कारण हेच.

आकारही या स्वभावावरच ठरतो. हवाईतला ४,१६९ मीटर उंचीचा मौना लोआ पातळ लाव्हाच्या असंख्य थरांनी बनला असल्याने ढालीसारखा पसरट आहे, त्याचा उतार इतका मंद की जवळून तो डोंगर वाटत नाही. जपानचा फुजी लाव्हा आणि राख यांच्या आलटूनपालटून साचलेल्या थरांचा, म्हणून उभा आणि देखणा. इतका देखणा की १७०७ नंतर उद्रेक झालेला नसला तरी तो जागृत गणला जातो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. राखशंकू याहून लहान असतात. मेक्सिकोतला पारिकुतिन हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, कारण तो जन्मताना माणसांनी पाहिला. २० फेब्रुवारी १९४३ रोजी एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमिनीला भेग पडली, तिच्यातून धूर आणि निखारे निघू लागले आणि वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच टेकडी उभी राहिली. १९५२ साली तो थांबला. शेजारचे सान हुआन गाव लाव्हाखाली गेले, चर्चचा मनोरा तेवढा काळ्या खडकातून वर निघालेला आजही दिसतो. चौथा प्रकार काहिलीचा, म्हणजे कढईसारख्या प्रचंड खळग्याचा (कॅल्डेरा): शिलारसाची कोठी एकदम रिकामी झाली की वरचे छत आत कोसळते. सुमात्रातले सुमारे १०० किलोमीटर लांबीचे तोबा सरोवर अशाच खळग्यात आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखी राखेचा थर सापडला असून तो तोबाशी जोडला जातो. ती राख ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की तोबाच्याच त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर संशोधकांचा वाद आहे.

लाव्हा भीतिदायक दिसतो, पण त्याने माणसे क्वचितच मरतात, बहुधा चालत जाऊनही त्याच्यापासून सुटता येते. खरे मारेकरी वेगळे. तापलेली राख आणि वायू यांचा ढग उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घसरतो, त्याला अग्निदलिक प्रवाह म्हणतात. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या पेले ज्वालामुखीच्या अशा ढगाने सेंट पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसे काही मिनिटांत संपवली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई आणि हर्क्युलेनियम यांचे तेच केले. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा उद्रेक तसा लहानच होता, पण माथ्यावरचे बर्फ वितळून सुटलेल्या चिखलाच्या लोंढ्याने आर्मेरो गाव पुरले आणि एकूण सुमारे २३,००० लोक दगावले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता. इंडोनेशियातल्या क्राकाटोआचे १८८३ मधले ३६,००० बळी बहुतांशी त्सुनामीचे. १७८३-८४ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून निघालेल्या विषारी वायूंनी गुरे आणि कुरणे नासली आणि त्यानंतरच्या दुष्काळात तिथली जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. इंडोनेशियातल्याच तांबोराच्या १८१५ च्या उद्रेकानंतर सल्फरच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि १८१६ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा जवळजवळ आलाच नाही.

लाकीसारख्या भेगी उद्रेकाचे महाप्रचंड रूप म्हणजे दख्खनचे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियनच्या तप्तस्थळावरून सरकत असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पूर आल्यासारखा पसरला, पुन्हा पुन्हा. आज उरलेले थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि पश्चिम घाटात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून भिंतींसारख्या निघालेल्या काळ्या खडकांच्या रांगा म्हणजे या भेगांत गोठून राहिलेला शिलारस. सह्याद्रीतल्या गडांचा ताशीव कडा हा एकेका थराचा घट्ट गाभा, आणि दोन कड्यांमधली गवताळ पट्टी हा त्याचा सच्छिद्र, लवकर झिजणारा माथा. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे दोन थरांमध्ये कधीकधी गेरूसारखी तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत माती बनण्याइतकी उसंत मिळाली, हा त्या पट्टीचा अर्थ. वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून झिओलाइट नावाची खनिजे आणि गारगोट्या वाढल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतले कॅव्हन्साइट या निळ्याभोर खनिजाचे झुबके जगभरचे संग्राहक शोधत असतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी निवताना तडकलेल्या उभ्या बेसॉल्ट खांबांची आहे, सध्या इमारतींनी पुरती वेढलेली. डायनोसॉर नाहीसे होण्यात या उद्रेकांचा हात किती आणि त्याच सुमारास मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, हे अजून मिटलेले नाही.

आज महाराष्ट्रात एकही जिवंत ज्वालामुखी नाही. वज्रेश्वरी, उन्हेरे, राजापूर इथली गरम पाण्याची कुंडे ही भेगांतून खोल जाऊन तापून परतलेल्या पाण्याची आहेत. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही एकेकाळी ज्वालामुखीचे समजत, पण तीव्र आघातानेच बनणारी काच तिथे सापडल्यावर ते अशनीच्या धडकेचे ठरले. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली, एकोणिसाव्या शतकात तो शांत झाला आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटला. तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे.

उद्रेकाचा अंदाज बांधताना तीन खुणा पाहतात: लहान भूकंपांची गर्दी, जमिनीचा फुगवटा आणि बाहेर पडणाऱ्या वायूंतला बदल. १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या पिनातुबोने त्या सगळ्या दाखवल्या. १५ जूनच्या मुख्य स्फोटाआधी हजारो लोक हलवले गेले आणि त्यांतले बहुतेक वाचले. पण हे नेहमी जमत नाही. शिलारस वर न येता केवळ जमिनीतले पाणी तापून वाफेचा स्फोट झाला, तर पूर्वसूचना जवळजवळ मिळत नाही. जपानच्या ओंताकेवर सप्टेंबर २०१४ मध्ये आणि न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर डिसेंबर २०१९ मध्ये तेच झाले. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते बहुतेक मुखापर्यंत हौसेने गेलेले पदभ्रमणकर्ते आणि पर्यटक.