शिकागोचा ब्लूज बँड : कोण कुठून काय घेऊन आलं

पारंपरिक ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) बँड म्हटलं की दोन इलेक्ट्रिक गिटार, अँप्लिफायरमधून वाजणारा माउथ ऑर्गन, पियानो, बास आणि ड्रम हा संच गृहीत धरतात. तो शिकागोच्या साउथ साइड या दक्षिण भागातल्या क्लबांत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमू लागला. जानेवारी १९५४ च्या ‘हूची कूची मॅन’च्या ध्वनिमुद्रणात तो पूर्ण भरात ऐकू येतो. मधल्या वर्षांच्या रेकॉर्ड ऐकून मात्र फसायला होतं, आणि त्याला रेकॉर्ड कंपनीचा एक निर्णय कारणीभूत आहे.

या बँडचा म्होरक्या मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या कापसाच्या मळ्यावर वाढला. आधी माउथ ऑर्गन, मग गिटार. करंगळीत नळी घालून तारेवर घसरवायची, तारा जाडीपासून बारीकपर्यंत डी-जी-डी-जी-बी-डी अशा लावायच्या, हे तो तिथल्याच थोरल्या वादकांकडून शिकला. १९४१ आणि १९४२ मध्ये लोकसंगीत संग्राहकांनी त्याला मळ्यावरच ध्वनिमुद्रित केलं. त्यात तो फिडल आणि मँडोलिन असलेल्या चमूबरोबरही वाजवतो, आणि त्याला येणाऱ्या गाण्यांत काउबॉय सिनेमांतली गाणीही होती. एकट्या गिटारवाल्याला शहरात आल्यावर बँड भेटला, ही कथा म्हणूनच अपुरी आहे. १९४३ मध्ये तो शिकागोला आला आणि क्लबच्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जात नाही म्हणून इलेक्ट्रिक गिटारकडे वळला.

आता तो निर्णय. १९४८ मध्ये त्याच्या गिटारीला फक्त बासची जोड देऊन काढलेल्या रेकॉर्डची पहिली खेप हातोहात संपली. त्यानंतर कंपनीच्या मालकाने तोच साचा धरून ठेवला. रात्री क्लबमध्ये दुसरी गिटार, माउथ ऑर्गन आणि ड्रम घेऊन वाजवणारा माणूस स्टुडिओत मात्र एका बासवाल्याबरोबर बसे. जानेवारी १९५० मध्ये त्याच्या साथीदारांनी दुसऱ्या एका छोट्या कंपनीसाठी डेल्टातलं, म्हणजे मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यातलं, ‘रोलिन अँड टंबलिन’ हे जुनं गाणं मुद्रित केलं. त्यात माउथ ऑर्गन आणि ड्रम होते, आणि मागे याच म्होरक्याची घसरती गिटार स्पष्ट ओळखू येत होती. मालकाने लगोलग तेच गाणं त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतलं, तेही फक्त बासच्या साथीने. दोन्ही रेकॉर्ड उपलब्ध आहेत. लागोपाठ ऐकल्या तर पहिलीतली धग दुसरीत नाही, हे कुणालाही जाणवेल. खपणारा माल बदलू नये हा मालकाचा हिशेब धंद्याच्या बाजूने समजण्यासारखा होता, पण त्यामुळे क्लबमधल्या बँडची घडण होत असतानाची वर्षं जवळजवळ नोंदीविना गेली. १९५० च्या उत्तरार्धापासून एकेक वाद्य स्टुडिओत येऊ लागलं तेव्हा ते नवं वाटलं, प्रत्यक्षात क्लबमध्ये ते केव्हाच मुरलेलं होतं.

ड्रमची अडचण वेगळी होती. स्टुडिओतला ड्रमर जॅझमधला. जॅझवाल्याला १२ बारचं (एक बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) आवर्तन काटेकोर लागतं. डेल्टातला गायक शब्द संपेपर्यंत थांबतो, मग आवर्तन कधी साडेअकरा बारचं होतं, कधी तेराचं. मोजत बसलेला ड्रमर समेवर एकटाच पोहोचतो. १९५१ च्या एका संथ गाण्यात आवर्तनाच्या शेवटी हा ड्रमर सवयीने भरणा (जागा भरणारे जादा ठोके) टाकू लागला, आणि गाण्यात ती जागाच नव्हती. शेवटी कंपनीचा मालक स्वतः बास ड्रमवर बसला आणि सरळ ठोके देत राहिला. इलाज एकच : मोजणं सोडून गाणाऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवायचं.

माउथ ऑर्गनवाला लुइझियानाचा, १९३० चा जन्म, पोरवयातच घर सोडून गावोगाव वाजवत फिरलेला. त्याने कान दिला तो नाचाच्या बँडमधल्या सॅक्सोफोनला. गाणं ई पट्टीत असेल तर ए चा बाजा घ्यायचा आणि श्वास आत ओढून सूर वाकवायचे, ही रीत जुनीच. त्याने त्यात गोळीच्या आकाराच्या स्वस्त मायकची भर घातली. मायक आणि बाजा दोन्ही ओंजळीत घट्ट धरले की आवाज जाडसर होऊन फाटतो. ओंजळीत फट राहिली तर तो पातळ पडतो, आणि अँप्लिफायर मायकच्या तोंडावर असेल तर शिट्टी मारतो. मे १९५२ मधल्या त्याच्या शब्दांविनाच्या रेकॉर्डने आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, यादीत आठ आठवडे पहिला नंबर टिकवला आणि तो स्वतःचा बँड घेऊन वेगळा झाला. जुन्या बँडसाठी स्टुडिओत मात्र तो येत राहिला.

दुसरा गिटारवाला मिसिसिपीचाच. क्लबमध्ये बासवाला नसे, तेव्हा तो जाड तारांवर बासची चाल धरायचा. त्याचं श्रेय फार कमी लोक देतात. पियानोवाला १९५३ मध्ये रेकॉर्डवर आला. १९५४ च्या त्या गाण्यात बासवर बसलेला माणूस चार आवाजांच्या गायनमंडळातून आणि मुष्टियुद्धातून आलेला. गाणंही त्याचंच : १६ बारचं, पहिल्या आठात सगळा बँड सुरांचा एकच छोटा ठोकळा वाजवून थांबतो आणि गायक मोकळा सुटतो.

१९५८ मध्ये म्होरक्या आणि पियानोवाला इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या रसिकांच्या डोक्यात ब्लूज म्हणजे साधी गिटार होती. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अनेकांना झेपला नाही, टीका झाली. १९६३ मध्ये म्होरक्या साधी गिटार घेऊन गेला, तर दरम्यान तरुण श्रोत्यांना इलेक्ट्रिकच हवी झाली होती.

आज हा संच उभा करणारे बँड दोनच ठिकाणी हमखास फसतात. दोन्ही गिटार एकाच सप्तकात वाजू लागतात, आणि पियानोवाल्याचा डावा हात बासच्या अंगावर जातो. एका गिटारने पाचव्या पडद्याच्या खालीच राहायचं, दुसरीने वर. बास असेल तेव्हा पियानोच्या डाव्या हाताने फक्त ठेका धरायचा. आणि गाणं चालू असताना माउथ ऑर्गनने ओळीमागच्या रिकाम्या दोन बारांतच बोलायचं.