परक्या खोलीत जागा राहणारा मेंदू

परदेशात पोहोचल्यावर पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. विमानप्रवासाचा शीण असतो, दिवसरात्रीचं गणित बिघडलेलं असतं, पण कारण तेवढंच नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की, अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. झोपलेल्या माणसाच्या कानावर मधूनच एखादा वेगळा आवाज पाडला, तर हीच बाजू जास्त चटकन दखल घेते. तीच माणसं काही दिवसांनी त्याच खोलीत पुन्हा झोपली तेव्हा हा फरक उरला नव्हता. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात हे ठाऊक होतं. त्या सावधपणाची पुसट खूण माणसातही आहे, हे मला फार विलक्षण वाटतं. परदेशातून आपल्या घराच्या सजावटीसाठी नेमकं काय आणावं, हे शोधताना म्हणून मी इथूनच सुरुवात करते.

सकाळी उठल्यावर हाच सावधपणा डोळ्यांत उतरल्यासारखा वाटतो. खिडकीचा कट्टा इतका खाली का घेतलाय, पडदे दुहेरी का आहेत, पायाखाली लाकूड आहे की फरशी, दिवा छताला आहे की कोपऱ्यात, सगळं दिसतं. स्वतःच्या हॉलमधल्या पंख्याला नेमक्या किती पाती आहेत, हे मात्र आठवून सांगताना पुष्कळजण अडखळतील. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरने 1804 मध्येच नोंदवून ठेवलं होतं की, एका बिंदूवर नजर खिळवून ठेवली तर आजूबाजूच्या फिकट आकृत्या काही सेकंदांत दिसेनाशा होतात. जे बदलत नाही, त्याची वर्दी पुन्हा पुन्हा देत राहायची नाही, असा मज्जासंस्थेचा शिरस्ताच आहे. घराची सवय होणं ही याहून गुंतागुंतीची गोष्ट. तिला सेकंद नाही, आठवडे लागतात. पण शेवट तोच होतो. भिंती असतात आणि दिसत नाहीत.

नवेपणाचं मेंदूत काय होतं, यावर लंडनमध्ये निको बुन्झेक आणि एम्राह ड्यूझेल यांनी 2006 मध्ये सुरेख प्रयोग केला. माणसांना चित्रं दाखवली. पूर्वी कधीच न पाहिलेलं चित्र समोर आलं की मध्यमेंदूतला, डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी असलेला भाग उजळायचा. आणखी पुढची गंमत अशी की, ओळखीच्या चित्रांमध्ये नवी चित्रं मिसळली तर ओळखीची चित्रंसुद्धा जास्त चांगली लक्षात राहायची. परमुलुखात आपलं नेहमीचं आयुष्यही अचानक स्पष्ट दिसू लागतं, असं प्रवासी म्हणतात, त्याचा एक धागा इथे असावा असं मला वाटतं.

ही तरतरी घरी आल्यावर किती टिकते? नेदरलँड्समध्ये 1530 जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा आनंदी होती खरी, पण ती निघण्याआधी! परतल्यावर दोन्ही गटांत फरक नव्हता. अगदी निवांत सुट्टी घालवलेल्यांचा तेवढा अपवाद. इतर अभ्यासही हेच सांगतात की, कामाला जुंपलं की सुट्टीचा गुण थोड्याच आठवड्यांत विरतो. हॉलच्या शोकेसमध्ये ठेवलेला पितळी आयफेल टॉवरही त्याच सुमारास दिसायचा बंद होतो. त्यात वस्तूचा दोष नाही. तीही आता न बदलणाऱ्या दृश्याचा भाग झालेली असते.

मग काय टिकतं? विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी 2009 मध्ये एक जुनं कोडं वापरलं. एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडणार नाही. उत्तर असं की टाचण्या ओतून टाकायच्या आणि रिकामी खोकी भिंतीला ठोकून तिची फळी करायची. ज्यांनी परदेशात बराच काळ राहून काढला होता, त्यांना हे जास्त सुचलं. नुसतं फिरून येण्याचा मात्र असा संबंध दिसला नाही. तिथल्या रीतीशी जुळवून घेताना, जमिनीवर जेवताना, बूट दाराशी काढताना, एकाच गोष्टीचे दोन अर्थ मनात राहू लागतात. खोकीत फळी दिसणं हे घर सजवणाऱ्याचं मूळ भांडवल, म्हणून हा प्रयोग मला इथे महत्त्वाचा वाटतो.

शार्लोट पेरियां हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. या फ्रेंच डिझायनरने 1928 मध्ये ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे या वास्तुरचनाकारांबरोबर पोलादी नळ्यांची आरामखुर्ची घडवली होती. 1940 मध्ये जपान सरकारच्या वाणिज्य खात्याने तिला सल्लागार म्हणून बोलावलं. ती कारागिरांच्या गावांत फिरली आणि त्याच खुर्चीचा आराखडा बांबूत उतरवला. बांबूचे धागे बाहेरच्या कडेला दाट आणि आत विरळ असतात, म्हणून तो वाकतो आणि भारही पेलतो. पोलादाच्या लवचिकपणाचं काम त्याने आपल्या पद्धतीने केलं. जपानी घरात खोलीचं माप ततामीवर, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड चटईवर ठरतं, एक ततामी साधारण 90 बाय 180 सेंटिमीटर. अंथरुणं दिवसा भिंतीतल्या कपाटात जातात आणि झोपायची खोली बसायची होते. गिरणगावातल्या चाळींमध्ये, दहा बाय बाराच्या खोलीत, गाद्यांच्या वळकट्या करून आपल्या माणसांनी हेच साधलं होतं, तेही गरजेपोटी. पेरियांने पुढे आल्प्समधल्या लेझार्क इथल्या छोट्या सदनिकांमध्ये भिंतीतली साठवण आणि मोकळी जमीन हे सूत्र वापरलं. तिथे जपानी पंखा नाही की कंदील नाही. जपान त्या खोल्यांच्या वागण्यात आहे.

उजेडाचंही तसंच. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. मुंबईत तेव्हा जवळजवळ अकरा तासांचा. तिथे संध्याकाळ दुपारीच सुरू होते आणि सगळा वेळ दिव्याखाली जातो. पाउल हेनिंगसेन या डॅनिश वास्तुरचनाकाराने 1926 च्या सुमारास तीन छत्र्यांचा दिवा केला. छत्र्यांचा बाक एका गणिती सर्पिलावर बेतलेला, त्यामुळे उजेड पसरतो पण बल्ब थेट डोळ्यांत शिरत नाही. त्या काळात माहीत नसलेलं एक कारण आज आपल्याला माहीत आहे. 2002 मध्ये डोळ्याच्या पडद्यात, पाहण्याच्या नेहमीच्या पेशींहून वेगळ्या, निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचं सिद्ध झालं. त्या मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात आणि झोप आणणारं मेलाटोनिन मागे पडतं. आपल्याकडे रात्री अकरापर्यंत छतावरचा पांढरा दिवा जळत असतो. डेन्मार्कहून काही आणायचंच असेल तर मी हे आणेन: दिवेलागणीनंतर खाली टांगलेला किंवा कोपऱ्यात ठेवलेला पिवळसर, झाकलेला उजेड. त्याला महागडा दिवाच हवा असं नाही.

मोरोक्कोतल्या माराकेशचा मोह जास्त धोक्याचा. तिथल्या रियाद म्हणजे बाहेरून कोऱ्या भिंती आणि आत चौक असलेल्या घरांचे फोटो पाहून अनेकांना हॉलमध्ये कारंजं हवंसं वाटतं. ते घर कसं चालतं ते आधी पाहू. रात्री उघडा चौक आकाशाकडे उष्णता फेकतो, गार हवा जड म्हणून तळाशी साचते. जाड भिंती दुपारची उष्णता आत यायला कित्येक तास लावतात. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते, आणि ती भोवतीच्या हवेतून ओढली जाते. हवा कोरडी असेल तरच हे पाणी भराभर उडतं. औरंगाबादच्या एप्रिलमध्ये ते जमेल. मुंबईत किंवा पणजीत हवाच ओली, तिथे कारंजं गारवा देण्याऐवजी दमटपणा वाढवेल. पुण्याच्या जुन्या वाड्यांचा चौक आणि माराकेशचा चौक एकाच भौतिकशास्त्रावर उभे आहेत, कोकणातल्या घराची उतरती कौलं आणि पडवी वेगळ्याच, पावसाच्या हिशोबावर.

त्याच शहरातला तदलाक्त गिलावा मात्र जरूर अभ्यासण्यासारखा. चुन्याचा हा लेप गुळगुळीत दगडाने घोटतात आणि त्यावर ऑलिव्ह तेलाचा काळा साबण चोळतात. साबणातली मेदाम्लं चुन्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. कठीण पाण्यात साबणाचा जो साका जमतो, तोच पदार्थ तिथे न्हाणीघराच्या भिंतीचं रक्षण करतो.

परदेश जसाच्या तसा घरी आणण्याचा आपल्या जवळचा सर्वांत धाडसी प्रयत्न इंदूरचा. यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना एकार्ट म्यूथेझियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराशी त्यांची मैत्री झाली, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला माणिक बाग उभा राहिला. धातू आणि काचेचं फर्निचर युरोपातून आलं, आयलीन ग्रे आणि ल कॉर्बुझिए यांच्या खुर्च्या आल्या, इंदूरच्या उन्हाळ्यासाठी वातानुकूलन बसलं. ब्रांकूशीची 'अवकाशातला पक्षी' ही शिल्पंही महाराजांनी घेतली. त्या तरुण राजाची नजर विलक्षण होती, याबद्दल मला शंका नाही. पण 1980 मध्ये मोनॅकोत लिलाव झाला आणि सामान जगभर विखुरलं. इमारतीत आता केंद्र सरकारचं करविभागाचं कार्यालय आहे. खुर्च्या उचलल्या की त्या घरात काय उरलं, याचा विचार मी पुष्कळदा करते. इंदूरच्या उन्हातून किंवा माळव्याच्या हवेतून त्यातलं फारसं काही निघालेलं नव्हतं.

पेरियांच्या बाबतीत उलट झालं. जपानला पहिल्यांदा गेल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, 1993 मध्ये, नव्वदीला टेकलेली असताना तिने पॅरिसमध्ये युनेस्कोच्या आवारात एक चहाघर रचलं. आत ततामींची जागा, बाजूला बांबू. छत मात्र शिडासारखं, पारदर्शक आधुनिक पदार्थाचं.