पीडीएफमधली ‘कॉपी बंद’ म्हणजे कुलूप नव्हे
‘पीडीएफमध्ये कॉपी-प्रिंट बंद केलं की मजकूर कोणी उचलूच शकत नाही,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. बटण खरंच फिकं पडतं, त्यामुळे हे पटणं साहजिक आहे.

पण पीडीएफला पासवर्ड दोन: एक उघडण्याचा, दुसरा कॉपी-प्रिंटसारख्या परवानग्यांचा. फक्त दुसरा लावला तर फाइल कोणालाही उघडता येते. म्हणजे मजकूर वाचणाऱ्याच्या यंत्रात पोचलेलाच असतो. ‘कॉपी करू नये’ ही नुसती सूचना उरते आणि ती पाळायची की नाही, हे समोरचं ॲप ठरवतं. स्वतःच्या फाइलवर पडताळून पाहा: परवानग्या बंद करा, दोन-तीन वेगळ्या ॲपमध्ये उघडा, स्क्रीनशॉटही घेऊन बघा.

खरं कुलूप उघडण्याच्या पासवर्डचं. २५६ बिट एईएस (मजकूर सांकेतिक रूपात बंद करण्याची पद्धत) निवडा, पासवर्ड लांब ठेवा, फाइलसोबत पाठवू नका. अर्थात ज्याला तो दिला, त्याला कॉपी करता येतेच.