मनसा मूसाचे ४०० अब्ज डॉलर आले कुठून?

पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा सुलतान मनसा मूसा ४०० अब्ज डॉलरांचा धनी होता, हे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. हा आकडा कोणत्याही समकालीन नोंदीत नाही. तो २०१२ साली एका संकेतस्थळाने मांडलेला अंदाज आहे. ज्याच्या खजिन्याची मोजदादच उरलेली नाही, त्याचा हिशेब डॉलरांत मांडणे म्हणजे हवेत इमले बांधणेच होय.

१३२४ साली हजला जाताना त्याने कैरोत सोने उधळले, हे मात्र खरे. त्यानंतर सुमारे १२ वर्षांनी अल-उमरी या लेखकाने नोंदवले की, एरवी २५ दिरहमांखाली (दिरहम म्हणजे चांदीचे नाणे) न उतरणारा सोन्याचा मिस्काल (वजनाचे एक माप) आता २२ च्या वर जात नाही. घसरण लक्षणीय खरी, पण त्यावरून 'इजिप्तची अर्थव्यवस्था बुडाली' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. उलट तिथल्या व्यापाऱ्यांनी एक दिनारही (सोन्याचे नाणे) किंमत नसलेला सदरा या पाहुण्यांना पाच दिनारांना विकला आणि परतताना पैसा संपलेल्या सुलतानाला जबर नफ्यावर कर्जही दिले. शिवाय संपत्तीचा अंदाज बांधताना हेही विसरू नये की, सोन्याच्या खाणींच्या प्रदेशावर त्याचा थेट अंमल नव्हता. तिथून तो खंडणी घेत असे.