सहकारी उपसा सिंचन संस्था काढताय? फाइल नेमकी कुठे अडते ते आधी बघा

नदीतून मोटरीने पाणी उचलून रानाला देण्यासाठी शेतकरी एकत्र येऊन उपसा सिंचन संस्था काढतात. संस्था रजिस्टर झाली म्हणजे पाणी मिळालं, अशी समजूत सांगलीच्या वाळवा-पलूस पट्ट्यात अजून घट्ट आहे. तसं नाही. सहकार खातं फक्त संस्था नोंदवतं. कृष्णेतून किंवा वारणेतून पाणी उचलायचा परवाना पाटबंधारे खात्याचा, आणि तो वेगळा मागावा लागतो. आधी पाइप आणून टाकणाऱ्यांचे पाइप बांधावर उन्हात तडकतात.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या सरकारी उपसा योजनांच्या लाभक्षेत्रात (योजनेचं पाणी मिळणाऱ्या हद्दीत) असाल तर हा रस्ता तुमचा नव्हे. तिथे २००५ च्या कायद्याखालची पाणी वापर संस्था असते, आणि हद्दीतले सगळे खातेदार तिचे सभासद होतात.

आता पात्रता. १९६० च्या सहकार कायद्यात संस्थेला एरवी किमान दहा माणसं लागतात. उपसा सिंचनाला पाच चालतात. ही सवलत वाचून लोक खूश होतात आणि पुढची अट वाचतच नाहीत: प्रत्येक जण वेगळ्या कुटुंबातला हवा आणि संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणारा हवा. बाप-लेक किंवा नवरा-बायको दोन धरले जात नाहीत. पुण्यात कायमचा स्थायिक झालेला, फक्त सातबाऱ्यावर गावात असलेला माणूस मोजणीत धरू नका. काठावर पाच नावं देण्यापेक्षा सात-आठ द्या.

मुख्य प्रवर्तक (नोंदणीची धावपळ करणारा पुढारी सभासद) निवडणं, संस्थेचं नाव राखून ठेवणं, बँकेत भागाची रक्कम भरणं, उपविधींच्या (संस्थेच्या नियमांच्या) चार प्रती जोडणं, ही कामं सहकार खात्याच्या तालुक्यातल्या निबंधक कार्यालयात विचारून सरळ होतात.

खरी रड सातबाऱ्याची. जमीन कसतो नातू, उताऱ्यावर नाव वारलेल्या आजोबांचं. नाहीतर थोरल्या चुलत्यांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर), म्हणजे बाकीचे भाऊ कागदावर नाहीतच. अशा माणसाला सभासद कसं करणार? वारस नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायची असते. आपल्याकडे ती कर्ज काढायची वेळ येईपर्यंत कोणी करत नाही. उशीर झाला तरी नोंद होते. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर अर्ज करा, नाहीतर तलाठ्याकडे जा (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी). पण नोटिशीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी यात वेळ जातो, म्हणून हे काम संस्थेच्या पहिल्या बैठकीआधी सुरू करा. भावाभावांत वाद असेल तर त्या गटाची वाट बघू नका, त्याला नंतर घ्या.

दुसरा घोळ नोंदणीच्या मुदतीचा. निबंधकांनी दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. 'दोन महिने झाले, म्हणजे झालीच नोंदणी' असं कोणीतरी पारावर सांगतं आणि लोक निर्धास्त होतात. कायद्यात तसं नाही. निर्णय झाला नाही तर अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि त्यांनाही दोन महिने मिळतात. शिवाय हे दिवस मोजणार कशावरून? आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच नसेल तर तुमचा अर्ज टेबलावर आहे की टेबलाखाली, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. साहेब मीटिंगला गेलेत म्हणून पोच उद्या घ्या, असं सांगितलं तर उद्याच अर्ज द्या. नामंजूर झालाच तर लेखी आदेश मागून घ्या. अपिलाला आदेश कळल्यापासून दोन महिने आहेत.

पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून जाणार आणि तो नाही म्हणतो? जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते दोघांचं ऐकून, भरपाईचं ठरवून परवानगी देऊ शकतात. मात्र त्या स्रोतातून पाणी घेण्याचा हक्क तुमच्याकडे असावा लागतो. म्हणून उपसा परवाना आधी, तहसील नंतर. उलट क्रमाने गेलेले रिकाम्या हाताने परततात.

परवाना मिळाला तरी टंचाईत उपसाबंदी (नदीतून पाणी उचलायला सरकारी मनाई) लागली की मोटर बंदच ठेवावी लागते; पाऊस दगा देईल त्या साली हे धरूनच ऊस किती लावायचा ते ठरवा. आणि उलटंही आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्या मोटरी आणि पॅनेल पाण्याखाली गेले. पॅनेलची खोली २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, आणि तशीच नकाशात दाखवा. जॅकवेलची (नदीकाठच्या, मोटर बसवायच्या विहिरीची) जागा मंजुरीनंतर बदलायची म्हटलं तर फाइल पुन्हा टेबलावर जाते.