गवताच्या गंजीखालील प्रार्थनासभा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यमस्टाउन येथील विल्यम्स महाविद्यालयाच्या (स्थापना १७९३) पाच विद्यार्थ्यांची ऑगस्ट १८०६ मधील सभा. अमेरिकेच्या परदेशांतील ख्रिस्ती मिशनकार्याचा उगम तिच्यात मानण्याची परंपरा आहे.

महाविद्यालय डोंगराळ, आडवळणाच्या भागात होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील बरेच विद्यार्थी धर्माविषयी उदासीन असत आणि भाविक मुलांची टिंगल होई. त्यामुळे ही मुले वसतिगृहापासून दूर, कुरणात किंवा झाडांखाली जमत. १८०६ च्या सुमारास धर्मजागृतीची लाट आली तेव्हा अशा बैठकी वाढल्या. सॅम्युएल जॉन मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन हे पाच जण एकदा असेच जमले असता वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशिया खंडाच्या भूगोलाचा त्यांचा अभ्यास चालू होता. बोलणे त्यावरून आशियात धर्मोपदेशक पाठवण्यावर गेले. मिल्स यांनी ही कल्पना मांडली. आधी तेथे सुधारणा व्हावी, उपदेशक नंतर जावेत, असे म्हणून लूमिस यांनी विरोध केला. बाकीचे मिल्स यांच्या बाजूचे होते.

सभेची नेमकी तारीख ठरवता येत नाही. शनिवारच्या बैठकी स्लोन यांच्या कुरणालगत मॅपलच्या राईत होत, यावरून तो शनिवार असावा असा तर्क केला जातो. जागेचा आधार त्याहून नाजूक आहे. १८५४ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर, वृद्ध ग्रीन विल्यमस्टाउनला आले आणि त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी खुंट रोवण्यात आला. १८६७ मध्ये तेथे पृथ्वीचा गोल माथ्यावर असलेला संगमरवरी स्तंभ उभा राहिला. त्यावर लूमिस यांच्यासह पाचही नावे आहेत. प्रचलित वृत्तांताचा बराच भाग अशा उत्तरायुष्यातील आठवणींवर उभा असल्याने, मिल्स यांच्या तोंडी घातली जाणारी सुप्रसिद्ध वाक्ये शब्दशः धरू नयेत. सभा झाली याविषयी मात्र शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

परिणामांच्या दृष्टीने सप्टेंबर १८०८ मध्ये याच महाविद्यालयात स्थापन झालेले ‘ब्रदरेन’ हे गुप्त मंडळ अधिक महत्त्वाचे मानणे योग्य ठरेल. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. मिशनकार्याला जाण्याच्या आड येईल असे कोणतेही बंधन सदस्याने पत्करायचे नव्हते. पुढे मंडळ अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात गेले. मिशनकार्यासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तेथील विद्यार्थ्यांच्या अर्जावरून जून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही धर्मोपदेशक परदेशी पाठवणारी संस्था स्थापन झाली. अर्जावरील दोन नावे, रिचर्ड्स आणि ल्यूथर राइस यांची, शेवटी खोडण्यात आली. इतके उमेदवार पाहून ज्येष्ठ बिचकतील अशी धास्ती होती.

या बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. हॉल हे विल्यम्सचेच १८०८ चे पदवीधर; परंतु गंजीखालच्या पाचांत ते नव्हते. त्यांनी मराठी शिकून बायबलच्या भाषांतराचे काम केले. १८२६ मध्ये नाशिक भागातील दौऱ्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले.

पाच जणांपैकी आशियात कार्य केले ते एकट्या रिचर्ड्स यांनी, तेही श्रीलंकेतील जाफना भागात. तेथेच १८२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मिल्स १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रात वारले. लूमिस व रॉबिन्स अमेरिकेतच पाळक (चर्चचे धर्मगुरू) झाले. ग्रीन राजकारणात शिरले आणि न्यूयॉर्कमधून काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) निवडून गेले.